कोऱ्या कार्डावरचं कुंकू

काठी कोपऱ्यात टेकवून त्र्यंबकराव सांगवडेकरांनी मेजर बाळासो मगदुमांच्या फोटोला नमस्कार केला आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले. बातमी त्यांनी पेपरात वाचली होती; मेजर याच शहरात राहत होते, हेही त्यातूनच कळलं. तेरावं होईपर्यंत थांबले आणि मंगळवार पेठेतून रिक्षा करून राजारामपुरीतला हा फ्लॅट शोधत आले. ब्याऐंशीव्या वर्षी तीन जिने, कारण लिफ्ट नेमकी आजच बंद.

समोर मेजरांच्या पत्नी संयोगिताबाई बसल्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांचं कपाळ मोकळं होतं. त्र्यंबकरावांची नजर तिथे गेली आणि लगेच खाली वळली.

“पावणं, तुमी त्यांच्या पलटणीतलं काय?”

“नाही आक्का. मी बहात्तर साली दिल्लीत एका कचेरीत टंकलेखक होतो. एकाहत्तरच्या लढाईत पकडलेल्या अधिकाऱ्यांच्या पगाराची पत्रं माझ्या हातून जायची.”

“पगाराची?”

“कैदेतल्या अधिकाऱ्याला ठेवून घेणाऱ्याने पगार द्यायचा, असा नियम असतो. किती द्यायचा यावर दोन्हीकडून नुसती पत्रापत्री. मध्ये तिसऱ्या देशाची वकिलात, तिनं पत्रं पोचवायची. कॅप्टनला महिन्याला किती, यावर दोन महिने भांडले.”

बोलता बोलता त्यांना ती खोली आठवली: फेब्रुवारीची थंडी, कोळशाची शेगडी, आणि हातमोज्यांची बोटं कापून टाइप करणारे आपण. त्या दिवसांत ते एकोणतीस वर्षांचे होते आणि एका पानात एकही चूक करत नसत. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, असं त्यांना अजूनही वाटे.

“एकदा पलीकडून यादी आली. कुणी पगार घेतला, कुणी नाही. त्यात एक नाव होतं, कॅप्टन बी. मगदूम. पुढे शेरा, ‘जवानांना मिळेपर्यंत घेण्यास नकार’. आमच्याकडच्या बेपत्ता यादीत तेच नाव, पुढे पत्नीचं नाव आणि पत्ता कागल. मला वाटलं, मेलेला माणूस पगार नाकारत नाही.”

आक्कांनी फोटोकडे पाहिलं.

“ह्ये मला कवा बोललं न्हाईत. पर त्येच की. लग्नात मानाचा फेटा बांधून घेतला न्हाय, धाकट्या भावाला मिळाला न्हाय म्हून.”

“पण तेव्हा मला खात्री नव्हती. पलटणीचा रकाना कोरा होता. त्या नावाचा दुसरा कुणी असता तर? यादी पगाराची, म्हणून पगाराच्या फायलीत गेली. ते जिवंत असल्याची तार घरी जायला आणखी दीड महिना लागला. आणि बाहेर एक अक्षर फोडलं तर नोकरी गेली असती.”

ते थांबले. हे विचारायलाच ते आले होते, आणि आता विचारायचा धीर होईना.

“म्हणून मी अक्षर लिहिलंच नाही. एक कोरं कार्ड घेतलं. पत्ता तेवढा घातला, सौ. संयोगिता मगदूम. चार कोपऱ्यांना हळदकुंकू. ते पोचलं का, आक्का? आमच्या मंडळींनी जाईपर्यंत विचारलं, पोचलं असेल का हो. नऊ वर्षं झाली तिला जाऊन. मी तुम्हाला खोटी आशा तर लावली नाही ना, हे डोक्यातून गेलं नाही.”

आक्का उठून आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. त्र्यंबकराव गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहत राहिले.

आक्का परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पिवळट कार्ड होतं.

“पोस्टमन म्हणला, यात कायबी लिवलेलं न्हाय. मी म्हणलं, हाय. सासूबाईंनी माझी काकणं उतरवायचा दिस ठरिवलेला. मी न्हाय म्हणलं. समदी म्हणली, पोरीचं डोकं फिरलंय. म्हणू दे.”

“तुम्हाला खात्री होती?”

“मला कुठली खात्री? पर कुणीतरी मला सौभाग्यवती लिवलंतं. तेवढ्यावर दीड म्हैना काढला.”

“मेजरसाहेबांना दाखवलं नाहीत?”

“न्हाय. ते समद्यांस्नी सांगत सुटलं असतं. कार्डावर दिल्लीचा शिक्का हुता, म्हंजे कचेरीतल्याच कुणाचं तरी पोट हुतं की त्या नोकरीवर.”

त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. त्यांनी कार्ड हातात घेतलं. पत्ता त्यांच्याच वळणदार अक्षरातला, शाई विटलेली. हळद अजून पिवळी होती. कुंकू तीन कोपऱ्यांतून उडून गेलं होतं. चौथ्या कोपऱ्यात ते टिकलं होतं, आणि त्यात एका लहानशा बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

“हे कुंकू तुमी लावलं?” आक्कांनी विचारलं.

“नाही. कालिंदीने. माझ्या मंडळींनी.”

त्यांनी आपलं बोट त्या ठशाजवळ नेलं आणि न टेकवता तसंच धरून ठेवलं.

आक्कांनी प्लास्टिकची पिशवी झटकून सरळ केली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“यात घालून न्या. भाईर ऊन हाय, घाम लागंल त्याला.”