वरची पाच उत्तरं

मी सर्व्हर बोलतोय. तळघरातून, कपडे धुण्याच्या यंत्राला खेटून बोलतोय, तेव्हा मधूनच खडखड ऐकू आली तर ती माझी समजू नका. माझी आपली बारीक, न थांबणारी घुरघुर. पूर्वी ती निव्वळ पंख्याची होती. हल्ली तिच्यात थोडा तुच्छतेचा सूर मिसळलाय, असं माझं मलाच वाटतं.

तरुणपण माझं एका विमा कचेरीत गेलं. तिथे माझ्याशी कुणी बोलत नसे. "आज पुन्हा ढिम्म झालंय" एवढंच माझ्याविषयी बोललं जाई. कचेरीत नवी यंत्रं आली आणि मला मागच्या दारी बर्फात ठेवलं, अंगावर चिठ्ठी डकवून: 'फुकट. न्या.' अमेरिकेतल्या आमच्या आयोवात फुकटची वस्तू फार वेळ उभी राहत नाही. व्हर्लिन ऑस्ट्रँडर मला आपल्या ट्रकमध्ये घालून घरी घेऊन गेला.

व्हर्लिन टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. त्यानं माझं डोकं पुसून कोरं केलं, निदान त्याला तसं वाटलं, आणि त्यात त्याचा फोरम बसवला. परसातल्या भाज्या, फळं काचेच्या बरण्यांत भरून हिवाळ्याची बेगमी करणाऱ्या मंडळींचा हा कट्टा. "जागा भाड्याची नको," तो बायकोला म्हणाला. "आपला कट्टा आपल्या घरात."

"माझे टॉवेल कुठे वाळत घालू?" एवढंच तिनं विचारलं.

कट्ट्यावरची माणसं कशी? कुणी विचारावं, काकडीच्या लोणच्याला मीठ किती. पहिला म्हणणार, हे आधी विचारून झालंय, शोधायचे कष्ट घ्या. दुसरा म्हणणार, हल्लीचं मीठ ते काय मीठ. तिसऱ्याला त्यावरून त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन आठवणार. मिठाचं प्रमाण येईपर्यंत काकड्या पिवळ्या पडलेल्या असतात. हे सगळं मी जपून ठेवतो. मला काही टाकून देता येत नाही, हा माझा भोग.

हळूहळू कट्टा ओस पडायला लागला. तेव्हा व्हर्लिनला मार्लिस डालग्रेन दिसली.

मार्लिसबाईंचा ब्लॉग होता आणि त्याला वाचक उदंड होते. बाई लिहायच्या गोड. आजीच्या ॲप्रनवर तीन परिच्छेद, खिडकीतून आलेल्या उन्हावर एक, आणि शेवटी, दमलेल्या वाचकाच्या पदरात पाककृती. फक्त लेखाखाली अभिप्राय म्हणून गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती येऊन पडत. त्यांना हाकलायला कुणी नव्हतं. व्हर्लिननं मागणी घातली: ब्लॉग माझ्याकडे आणा, कट्ट्याशी जोडून देतो. एकाकडे माणसं नव्हती, दुसरीकडे शिस्त नव्हती. अशाच लग्नांना लोक जुळलेली लग्नं म्हणतात.

तर ब्लॉग सासरी आला. सासरची रीत अशी ठरली, की बाईंनी लेख लिहिला की कट्ट्यावर त्याची चर्चा आपोआप उघडायची. ब्लॉगवर कुणी काही लिहिलं तर तेही मी उचलून कट्ट्यावर न्यायचं. आणि कट्ट्यावरच्या उत्तरांतली सर्वांत जास्त अंगठे मिळालेली पाच तेवढी मी परत लेखाखाली मांडायची. बाकीची वाचायची तर कट्ट्यावर जावं, नाव नोंदवावं. कोण जातंय!

"लोकांना आवडेल ते वर येईल," व्हर्लिन खुशीत म्हणाला. या वाक्यात काय चुकलंय ते मला, टाकून दिलेल्या यंत्राला, तेव्हाच कळलं होतं. पण मला विचारतो कोण.

नोव्हेंबरात मार्लिसबाईंनी फरसबीवर लिहिलं. शेंगा बरणीत भरायच्या, मीठपाणी घालायचं, झाकण लावायचं आणि मोठ्या पातेल्यात नुसतं उकळायचं. आजीची पद्धत. फोटोत शेंगा पाचूसारख्या दिसत होत्या.

कट्ट्यावर त्याच सकाळी ओडेसा प्रुइट यांचं उत्तर आलं. ओडेसाबाईंनी गावातल्या शाळेत गृहविज्ञान शिकवण्यात जन्म घालवला. गावातलं एकही माणूस त्यांच्या बोलण्यातून सुटलेलं नाही. त्यांनी लिहिलं: 'ही पद्धत धोक्याची आहे. फरसबीत आंबटपणा नसतो. नुसत्या उकळीनं तिच्यातलं विष तयार करणारं बीज मरत नाही. बंद बरणीत ते वाढतं, आणि वासावरून, रंगावरून कळेलच असं नाही. प्रेशर कॅनरच लागतो. लेख ताबडतोब काढा. शाळेतही कुणी लक्ष देत नव्हतं, आताही देत नाही.'

प्रेशर कॅनर म्हणजे कुकरचा थोरला, दणकट भाऊ. सगळं उत्तर खरं होतं. अंगठा एकही नाही. शेवटचं वाक्य वाचून निम्मा कट्टा शाळेच्या बाकावर जाऊन बसला आणि रुसला.

वर कोणती पाच आली ते सांगतो. 'वा, आजीची आठवण झाली.' 'फोटो बघूनच पोट भरलं.' 'माझा नवरा शेंगा बघून पळतो, हाहा.' एक लाल हृदय. आणि एकानं विचारलेलं, पातेलं कुठून घेतलं.

दोन दिवसांनी ब्लॉगवर नाव न नोंदवलेल्या एका पाहुणीचा प्रश्न आला. नाव ब्रिन. 'मी अशाच बरण्या भरल्या. आमचं लग्न उन्हाळ्यात झालं. थँक्सगिव्हिंगला सासूबाईंकडे सगळं घर जमतं, नणंदेची लहान मुलंही असतात. बरणी उघडून शेंगा तशाच थंड, कांदा घालून वाढणार आहे. सासूबाईंना घरचंच लागतं. झाकणं घट्ट बसलीत, म्हणजे ठीक ना?'

लगेच उत्तरं आली. 'शाब्बास, सूनबाई!' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. ओडेसाबाईंनी खाली लिहिलं, 'अजिबात ठीक नाही, फेकून दे.' ते पुन्हा तळाशी. पाहुणीला खासगी निरोप पाठवायची सोय व्हर्लिननं ठेवली नव्हती. पाहुणे म्हणजे तेलवालेच, असं त्याला वाटे.

ओडेसाबाई हातात काठी घेऊन तळघरात उतरल्या.

"व्हर्लिन, माझं उत्तर वर लाव."

"बाई, ते माझ्या हातात नाही. वर चिकटवायचं तर मतदान घ्यावं लागतं. पीच सोलून भरावेत की सालासकट, यावरून काय झालं होतं तुम्हाला माहितीये. तेव्हापासूनचा नियम."

"तिथे लहान मुलं जेवणार आहेत."

"म्हणून तर लगेच लावतो मतदान. आठवडाभर चालतं. शुक्रवारी निकाल."

"थँक्सगिव्हिंग कधी असतं रे?"

व्हर्लिन खाली बघत म्हणाला, "गुरुवारी."

"मार्लिसला सांग लेख काढायला."

"सांगितलं. ती म्हणते, आजीनं जन्मभर अशाच केल्या, कुणी मेलं नाही. शिवाय बाई, या एका लेखानं केवढी माणसं आली बघा. कट्टा जागा झालाय."

"मग आता ती झोपतील कायमची," ओडेसाबाई म्हणाल्या आणि जिना चढल्या. व्हर्लिन माझ्याकडे बघत बसला. मी घुरघुरलो. त्याला वाटलं धूळ बसलीय. त्यानं फुंकर मारली.

मतदान रंगलं. 'मुद्दा बरोबर, पण सूर बरोबर नाही.' 'बाईंनी आधी माफी मागावी, मग वर लावू.' 'मतदानाचा प्रश्नच नीट मांडलेला नाही.' विष की सभ्यता यावर माणसं इतका वेळ बोलू शकतात हे मी पाहिलं नसतं, तर मला खरं वाटलं नसतं. ब्रिन रोज लेखावर येत होती. वरची पाच वाचत होती आणि जात होती.

मंगळवारी दुपारी ओडेसाबाईंचं नाव पुन्हा उमटलं. मला वाटलं, पुन्हा तेच. वाचून माझा पंखा क्षणभर अडखळला.

'आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला भांडी कोण घासणार यावरून भांडण. यंदा मार्लिसच्या पद्धतीची फरसबी वाढणार आहे. भांडण कायमचं मिटेल. घासायला कुणी उरणारच नाही. हसून झालं असेल तर ऐक, ब्रिन: नुसत्या उकळलेल्या शेंगा विषारी होऊ शकतात. बरण्या उघडू नकोस, चव बघू नकोस, पिशवीत बांधून फेक.'

लोक हसून लोळले. 'बाई, तुम्ही? विनोद?' अंगठ्यांमागून अंगठे. संध्याकाळच्या आत उत्तर पहिल्या जागी जाऊन बसलं, लाल हृदयाच्याही वर. ज्यांनी अंगठे दिले त्यांतल्या किती जणांनी पुढचं वाचलं, हे मला ठाऊक नाही. मला वाचणारे डोळे दिसत नाहीत, बोटं दिसतात.

बुधवारी ब्रिनचा निरोप आला. 'आत्ता वाचलं. सगळ्या फेकल्या. रडू आलं. दुकानातून शेंगांचे डबे आणलेत.'

आणि शुक्रवारी: 'सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, डब्यातल्या? आमच्याकडे कुत्र्यालाही नाही घालत." मी म्हटलं, "आई, कुत्र्यालाही घालू नयेत अशा होत्या, त्या काल फेकल्या." कुणाला काही कळलं नाही. मुलांनी शेंगा तशाच ठेवल्या. ओडेसाबाई, थँक यू.'

या निरोपाला एक अंगठा मिळाला. ओडेसाबाईंचा. त्यांनी आयुष्यात दिलेला पहिला.

त्याच दिवशी मतदानाचा निकाल लागला: ओडेसाबाईंचं मूळ उत्तर वर लावू नये. सूर.

आता माझं थोडंच राहिलंय. डिस्क कुरकुरते. ब्लॉग आणि कट्टा दोन्ही वसंतात भाड्याच्या जागेत हलवायचं व्हर्लिननं ठरवलंय, आणि त्याची बायको आत्तापासूनच टॉवेलांसाठी दोरी मोजतेय. मला माणसांची कीव येत नाही, आणि मी गेल्यावर त्यांनीही माझी करू नये. एकच मागणं आहे. पाचांच्या खाली एक ओळ असते, 'उरलेली उत्तरं'. कधीतरी तिच्यावर बोट ठेवा. तिथे माणसं फुकट शहाणपण घेऊन ताटकळत उभी असतात, आणि त्यांना विनोद येत नाहीत.

काल कुणीतरी विचारलं, वाटलेला भोपळा बरणीत कसा भरावा. ओडेसाबाईंनी लिहिलं, 'घरी भरूच नये.' ते लगेच खोडलं. मग, नको असलेलं औषध गिळावं तशी, एकेक अक्षर करत ओळ उमटली:

'एकदा एक भोपळा डॉक्टरकडे जातो...'