दादाच्या सायकलचा मागचा दिवा

मी सायकलचा एक जुना मागचा दिवा आहे. मागचा म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या निम्म्यांचं लक्ष उडालं असेल, याची मला सवय आहे. मित्रांनो, सायकलला दिवे घ्यायला गेलात की पुढच्या दिव्याला तुम्ही दहा प्रश्न विचारता आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुढच्याला येणारी वाट दिसते. मला फक्त सुटून गेलेली वाट दिसते, आणि चाकाने उडवलेला चिखलही माझ्याच तोंडावर येतो. तरी माझी तक्रार नाही असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? तक्रार आहे, फक्त ती चिखलाची नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात बॅटरी बसवली, वर लाल झाकण दाबलं आणि आम्हा सगळ्या भावंडांना पाण्याच्या टबात बुडवून ठेवलं. ज्यांच्या आत पाणी शिरलं ते बाद झाले. मी कोरडा निघालो. मग एका दुकानातल्या खिळ्यावर बराच काळ लटकत राहिलो.

दादा त्या दुकानात आला तो पुढच्या दिव्यासाठी. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात तो कापणीच्या यंत्रावर काम करायचा. उंच होता, जरा वाकून चालायचा. बरोबर त्याची धाकटी बहीण होती. तीही त्याच कारखान्यात, खोक्यांच्या कडांना खळ लावायला. तिच्या बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे असत आणि ती बोलता बोलता ते सोलत असे. लहानपणापासून ती त्याच्या मागे मागे असायची, म्हणून तो तिला शेपूट म्हणायचा.

"रस्ता की रानवाट?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्ही, काका. कारखान्यातून निघालं की थोडा रस्ता, मग जंगलातून रानवाट, आणि शेवटी पुन्हा मोठा रस्ता."

"मग दोन दिवे घे. रस्त्याला हा. याचा उजेड वरच्या बाजूने कापलेला असतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. आणि रानवाटेला हा छोटा, डोक्यावर बांधायचा. मान वळेल तिकडे उजेड वळतो. आडव्या आलेल्या फांद्या दिसतात."

दादाने दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन भिंतीवर एकेका दिव्याचा उजेड पाडून पाहिला. पसरट, टोकदार, पिवळट, पांढरा. मुलगी बघायला आल्यासारखा चिकित्सा करत होता. शेवटी दोन ठरले.

"आणि मागचा?" दुकानदार म्हणाला.

"द्या कुठलाही."

"कुठलाही काय?" शेपूट उसळली. "तुला तो दिसणार आहे का? बघायचा मला आहे. मी निवडते."

दुकानदाराने तिच्यासमोर एक दिवा ठेवला. "हा घ्या. हा मंदही होतो. मागून कुणी जवळून येणार असेल तर हा बरा पडतो."

"मंद कशाला? दादा मला आणि सगळ्या गाड्यांना लांबून दिसला पाहिजे. सगळ्यांत झगझगीत कुठला?"

तो मी होतो. मला एकच उजेड होता, आणि तो भरपूर होता. मंद होणं माझ्या अंगात नव्हतं. तिने मला खिळ्यावरून काढलं तेव्हा माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. तिने मला भावाच्या काळजीपोटी निवडलं, हे तुम्ही विसरू नका. पुढे जे झालं ते ऐकून लोक ते विसरतात.

पहिल्याच संध्याकाळी माझी घमेंड उतरली. रानवाट अरुंद, दोन्हीकडे झाडं, आणि शेपटीची सायकल दादाच्या अगदी पाठोपाठ. ती ओरडली, "दादा, डोळे गेले माझे! दिवा आहे की वेल्डिंग?"

"निवडला कुणी?"

"मीच निवडला. आता बंद कर ना!"

दादाने हात मागे नेऊन मला विझवलं आणि म्हणाला, "पण रस्त्याला लागलो की सांगायचं हं. मला काही पाठीला डोळे नाहीत."

तेव्हापासून त्या दोघांचा रिवाजच पडला. रानवाट सुरू झाली की दादा मला बंद करायचा. रानवाट संपते तिथे तारेच्या कुंपणाला खिंडार होतं. तिथे सायकल उचलून पलीकडे घ्यावी लागे, आणि पलीकडे लगेच मोठा रस्ता. दादा स्वार झाला की मागून शेपूट ओरडायची, "लाल!" दादाचा हात मागे यायचा आणि मी पेटायचो. पुढे पुढे तर त्याला स्वतःहून ते आठवेनासंच झालं. ती सांगणार म्हटल्यावर त्याने लक्षात ठेवायचं कशाला?

ती माझी चांगली वर्षं होती. धुक्यातल्या एका संध्याकाळी एका बसच्या चालकाने खिडकीतून डोकं काढून दादाला म्हटलं होतं, "लांबून दिसलास रे बाबा! सगळ्यांनी असा दिवा लावला तर आमचं आयुष्य वाढेल." घरी आल्यावर दादाने अंगठ्याने माझ्या तोंडावरचा चिखल पुसला आणि मला चार्जिंगला लावताना म्हणाला, "ऐकलंस का? कौतुक झालं तुझं." दिव्याशी बोलणारा माणूस पाहून त्याचे बाबा रंधा मारता मारता हसले होते. बाबा सुतार. घराच्या पडवीतच त्यांचं काम चालायचं, आणि घरात सगळीकडे लाकडाचा भुसा.

मग तो दिवस आला.

कारखान्यातून गेलेली खोकी परत आली होती. त्यांच्या कडा उकलल्या होत्या. मुकादमाने सगळ्यांना उभं करून विचारलं, ही कुणाच्या टेबलावरची? सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. दादा म्हणाला, "माझ्या बहिणीच्या." मुकादमाने तिला तिथल्या तिथे खळीच्या टेबलावरून उचलून रद्दीच्या खोलीत गठ्ठे बांधायला पाठवलं. मला हे कसं कळलं? संध्याकाळी सायकली ठेवायच्या पत्र्याखाली दोघांची जुंपली तेव्हा.

"घरी येऊन चार शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर?"

"विचारलं तर खोटं सांगू? दुसऱ्या कुणाचं नाव आलं असतं."

"सख्खा भाऊ आहेस की मुकादमाचा?"

दादाने सायकल बाहेर काढली. तिनेही आपली काढली. दोघं निघाले. एरवी ती इतकी जवळ असायची की मला तिचा श्वास ऐकू यायचा. त्या दिवशी तिने मुद्दाम अंतर ठेवलं. तिचा पुढचा दिवा मला लांब, टिकलीएवढा दिसत होता.

रानवाटेच्या तोंडाशी दादाने हात मागे आणला आणि मला बंद केलं. मित्रांनो, ती एवढ्या लांब होती, रुसलेली होती, तिने सांगितलंही नव्हतं. तरी तिच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून त्याने ते आठवणीने केलं. मला त्याची ही गोष्ट फार लागते.

बंद असलो तरी मी आंधळा नसतो. मी सगळं पाहिलं. खिंडाराशी दादा थांबला. त्याने सायकल पलीकडे घेतली आणि ती येईपर्यंत उभा राहिला. तिने मान फिरवून आपली सायकल उचलली. तो स्वार झाला. ती मागून निघाली, पुन्हा अंतर ठेवून. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, आता म्हणेल. तिने एकदा तोंड उघडलेलंही मला दिसलं. मग तिने ओठ दाबून घेतले.

तिच्यामागून धुतलेले कपडे पोचवणारी एक व्हॅन आली. शेपटीच्या सायकलचा मागचा दिवा चालू होता. तो रानवाटेवर कुणाला खुपत नसे, म्हणून कधी बंदच होत नसे. चालकाला ती दिसली. त्याने नीट अंतर ठेवून तिला ओलांडलं, आणि पुढे रस्ता मोकळा आहे असं समजून गाडी पुन्हा कडेला घेतली.

रस्ता मोकळा नव्हता. तिथे दादा होता.

मी सायकलवरून तुटून गवतात पडलो. तिथून मला तिच्या धावत येणाऱ्या चपला दिसल्या. ती ओरडत होती, "लाल! दादा, लाल! लाल लाव!" कुणाला सांगत होती कोण जाणे. सकाळ व्हायच्या आत दवाखान्यात दादाने प्राण सोडला.

मला पोलिसांनी उचललं. दोन दिवसांनी मी त्यांच्या चौकीतल्या टेबलावर होतो. समोर शेपूट आणि तिचे बाबा, आणि दाराजवळच्या बाकावर तो गाडीचा चालक, मांड्यांमध्ये हात घालून, खाली बघत. अधिकारी फोनवर बोलायला बाहेर गेले. तेवढ्यात बाबा तिच्या कानाशी लागले.

"दिवा चालू होता म्हणायचं. समजलं? आपला पोरगा गेलाय. चूक त्याची होती असं मी कागदावर येऊ देणार नाही."

अधिकारी आले. त्यांनी माझं बटण दाबलं. मी लगेच पेटलो, सगळी खोली लाल झाली. माझ्यासारख्या चिवट दिव्याची त्या दिवशी मला लाज वाटली.

"दिवा तर उत्तम चालतोय," अधिकारी म्हणाले. "त्या वेळी चालू होता ना?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बाकावरच्या चालकाने पहिल्यांदाच मान वर केली.

"नव्हता," ती म्हणाली. "मी लावायला सांगायचे. रोज मीच सांगायचे. त्या दिवशी नाही सांगितलं."

"का?"

"भांडले होते." ती बोटांवरची खळ सोलत होती. तिथे खळ नव्हती, कातडी होती. "मला वाटलं, पुढच्या वळणापर्यंत तो बोलेल. तो बोलला की सांगीन."

बाबा उठून बाहेर गेले. चालक बाकावरच रडायला लागला.

मला घरी आणून पडवीतल्या फळीवर ठेवलं, खिळ्यांच्या डब्याशेजारी. मला वाटलं होतं, घर रडेल आणि मग हळूहळू सावरेल. तसं झालं नाही. बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती समोर बसलेली असताना ते आईला म्हणायचे, "तिला सांग, दाराला कडी लाव म्हणावं." आई सांगायची. शेपूट कडी लावायची. पाऊस गेला, थंडी आली, माझ्या तोंडावर भुशाचा थर चढला, आणि त्या घरात आईच्या तोंडून निरोप जात येत राहिले.

शेवटी तिने दुसऱ्या गावच्या कारखान्यात काम शोधलं. जायच्या दिवशी ती पिशवी घेऊन पडवीच्या दारात उभी राहिली. बाबा एक पाट रंधत होते. तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "बाबा, येते." रंधा चालूच राहिला. ती फाटकाकडे चालू लागली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने त्या दिवशी कुणाचा निरोप सांगितला नाही.

"एक लेकरू अबोल्यानं नेलं," ती बाबांना म्हणाली. "दुसरं अजून फाटकाशी आहे. हाक मारा."

रंधा थांबला. बाबांचे ओठ हलले. फळीवरून मला सगळं स्पष्ट दिसत होतं. फाटकाची कडी वाजली आणि पावलं लांब गेली. तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतर कधीतरी ते फळीपाशी आले, त्यांनी मला उचललं आणि माझं बटण दाबलं. मी पेटलो नाही. इतके महिने मला कुणी चार्ज केलं नव्हतं. ते पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले.

मित्रांनो, आता माझी विनवणी ऐका. पुढचा दिवा पारखून घ्या, पण मागचाही पारखून घ्या, आणि मंद होणारा घ्या. रोज पुसा, चार्ज करा, निघताना एकदा मागे जाऊन बघा. एवढं तर कुठलाही दुकानदार सांगेल. माझं सांगणं त्यापुढचं आहे. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला तोंड आहे. भावाशी भांडा, बहिणीशी भांडा, लेकीवर रागवा, रुसायला सगळा जन्म पडला आहे. पण त्याला जे दिसत नाही आणि तुम्हाला दिसतं आहे, ते आधी सांगून टाका, आणि मग खुशाल रुसून बसा.