राहणार सोलापूर

"गाव कुठलं तुझं?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"आळंद की," शरणप्पा म्हणाला, आणि तिथंच घात झाला.

आता आपल्याकडं गाव विचारलं तर माणूस काय सांगणार? जिथं कुळाचं दैवत, जिथं बापाला माती दिली, ते गाव. राहायला मग तो कुठं का असेना! पण आळंद पडलं मोगलाईत, निजामाच्या राज्यात. तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली तरी सोलापुरात परमुलखातला माणूस म्हटला की कचेरीच्या भुवया चढायच्या. कारकुनानं अर्ज बाजूला सारला.

"मोगलाईतला ना? मग मोटारीचं लायसन तिकडूनच काढ. इथं जिल्ह्यात राहणाऱ्यालाच मिळतं."

"अवो रावसाहेब, मी ऱ्हातो हितंच की! जन्म हितला, गिरणीच्या चाळीतला."

"मग आत्ता आळंद कोण म्हणालं? मी?"

शरणप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो वैरागच्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होता. गाडी चालू करायला हँडल मारून मारून खांदे निखळायची वेळ आली, टपावर ओझी चढवून पाठीचं कातडं गेलं, आणि एवढ्या वर्षांत पुढच्या सीटवर बूड टेकायला मिळालं नाही. आता कुठं मालक मानसिंगराव म्हणाले होते, "सोमवारी लायसन आण, गाडी तुझ्या ताब्यात देतो. न्हायतर टेंभुर्णीचा एक डायवर लई मागं लागलाय." चालवून दाखवायची परीक्षा शरणप्पा कालच पास झाला होता. आणि हा मेला एका शब्दावर अडून बसला!

"चाळीत कुणालाबी इचारा की."

"मी चाळीत येऊ? जन्माची नोंद आण."

नोंद कुठली? आई घरातच बाळंत झालेली. तिनं पोर सांभाळायचं की नोंदी करत फिरायचं?

कारकुनानं पानाची पिचकारी टाकली आणि जरा निवळला. "एक कर. लिहून दे, मी कायमचा सोलापूरचा, आळंदशी माझा काडीचा संबंध नाही, तिथं माझं कुणी नाही. अंगठा कर आणि मोकळा हो."

"बाप हाय की तितं."

"मग बापाचा दाखला आण."

"मातीत हाय त्यो."

"म्हणजे नाहीच की कुणी. लिहू?"

त्या माणसाची मानगूट धरून त्याला टेबलावरून अलीकडं ओढावं असं शरणप्पाला वाटलं. हात शिवशिवले. पण सोमवार परवावर आला होता.

"लिवा," तो म्हणाला. अंगठा त्यानं असा दाबला की कारकून ओरडला, "अरे, टेबल मोडतोस काय!"

लायसन मिळालं. राहणार सोलापूर. घरी जाताना वाटभर तो कारकुनाला, निजामाला, गोऱ्या साहेबाला शिव्या घालत होता, आणि मधूनच स्वतःला.

आई चंद्रव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. लायसन बघून तिनं पिठाच्या हातानंच त्याच्या तोंडावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "कसं दिलं रं, यप्पा? तरास दिला का लई?"

खोटं सांगता आलं असतं. पण राग पोटात मावत नव्हता, तो भडाभडा बाहेर पडला. "आळंदला माजं कुणी न्हाय, असं लिवून दिलो, अव्वा! बाप नसल्यागत! काय करू मग? जल्मभर हँडलच मारत बसू? तूच सांग की, काय करू?"

चंद्रव्वानं तव्यावरची भाकरी तेवढी उलटली. मग ती उठली. भिंतीला टेकवलेला पाट तिनं पुसून मांडला, तांब्या भरून शेजारी ठेवला आणि डोक्यावरून पदर घेतला.

"बसा, पावणं," ती म्हणाली. "जेवून घ्या."