मऊ नाकाची गोळी

हैबतरावांनी काडतुसांची दोन पाकिटं जोत्यावर ठेवली आणि म्हणाले, "वाचा भाऊसाहेब. विंग्रजी हाय. तुमच्याबिगर हितं कोन वाचनार?"

भाऊसाहेब आगाशे धरणावरच्या कचेरीत पाऊस मोजायचे. पावसाळ्यात त्यांना थोडाफार भाव असे. एरवी ते आणि त्यांची पुस्तकं. पुण्याच्या वाचनालयातून आणलेली गोऱ्या साहेबांनी लिहिलेली शिकारीची पुस्तकं त्यांनी इतकी वाचली होती, की कोणत्या जनावराला कोणती गोळी घालावी हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. रायफल मात्र आजवर हातात धरली नव्हती.

हैबतरावांचं नेमकं उलटं. शेतात शिरणाऱ्या डुकरांवर ठासणीची बंदूक चालवून त्यांचा हात बसलेला. रायफल यंदाच पुण्यातल्या एका पारशी गृहस्थाकडून घेतलेली. वरच्या धनगरवाड्यातल्या चिंधूची दोन वासरं बिबळ्यानं नेली होती आणि उद्या सकाळी रान उठवून हाका घालायचं ठरलं होतं. गोळ्या दोन तऱ्हेच्या निघाल्या. रायफलीत कोणती भरायची, एवढंच ठरायचं होतं.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. अंगणात दहा-बारा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळे त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ही टणक," पहिलं पाकीट उचलून ते म्हणाले. "टोकापर्यंत तांब्यानं मढवलेली. आणि ही दुसरी, हिचं शिसं टोकाला उघडं आहे. ही... मऊ नाकाची."

इंग्रजीत होतं ते त्यांनी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग म्हातारा कुशाबा म्हणाला, "मऊ नाकाची? मग पावसात न्हेऊ नगा, पडसं व्हईल तिला!"

अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. चिंधू तर डोक्याचा पटका सोडून डोळे पुसायला लागला.

"तसं नव्हे," भाऊसाहेब म्हणाले, "ती आत शिरली की पसरते. म्हणजे फुटते..."

"फुटती?" हैबतरावांच्या भुवया वर गेल्या. "बिबळ्याच्या अंगावर आपटून फुटायला ती काय सुगड हाय? आवो, मऊ गोळीनं जनावराला गुदगुल्या हुतील. का रं चिंधू?"

"हासून मरंल की बिबळ्या!"

भाऊसाहेबही हसले. आपल्यावर कुणी हसलं की आपणही हसावं, म्हणजे लवकर निभावतं, हे ते शाळेपासून शिकले होते.

पण हैबतराव उगाच उडवून लावणारे नव्हते. घड उतरवलेल्या केळींचे खुंट त्यांनी परसातून तोडून आणवले, पाच एकामागे एक उभे केले आणि मागे ओल्या मातीचा ढीग रचला. आधी टणक गोळी झाडली. ती पाचही खुंटांतून सरळ गेली आणि मातीत खोल रुतली. भोक म्हणाल तर करंगळीएवढं.

"आरपार!" माणसं ओरडली.

मग नवे खुंट लावून मऊ नाकाची झाडली. पहिल्या खुंटाला भोक पडलं, दुसऱ्याच्या पार चिंध्या उडाल्या, पाणी अंगणभर शिंतडलं, आणि गोळी तिसऱ्यात अडकून बसली.

"आडाकली!" कुशाबा म्हणाला. "नाक आडवं आलं!"

भाऊसाहेब त्या दुसऱ्या खुंटाकडे बघत राहिले. पुस्तकात लिहिलेलं तंतोतंत समोर घडलं होतं. बिबळ्या काही पाच खुंटांएवढा जाड नसतो. तो एकच खुंट. टणक गोळी त्याच्यातून सुईसारखी निघून जाईल आणि तो जखमी होऊन जाळीत घुसेल. 'बिबळ्या म्हणजे एकच खुंट' एवढं म्हटलं असतं तरी अंगणातल्या शेंबड्या पोरालाही पटलं असतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण लगेच दुसरा विचार आला: आपण कधी चिमणी तरी मारली आहे का? पुस्तकवाल्या साहेबाचा बिबळ्या वेगळा, इथला वेगळा असेल. आणि पुन्हा हसले तर?

"काय भाऊसाहेब, ठरलं न्हवं?"

"हो, म्हणजे... तुमचा अनुभव मोठा."

"झालं तर!" हैबतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भाऊसाहेबांनी बी टणकच सांगितली."

भाऊसाहेबांना बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर हाका सुटला. मानाचा पाहुणा म्हणून भाऊसाहेबांना हैबतरावांच्या मागे कातळाआड बसवलं होतं. पत्र्याचे डबे आणि आरोळ्या डोंगर उतरत जवळ आल्या आणि कारवीच्या झुडपांतून बिबळ्या बाहेर पडला. वळून बघायला म्हणून थांबला. हैबतरावांनी बार काढला.

बिबळ्या कमानीसारखा वाकून उडाला. त्याच वेळी त्याच्या पलीकडच्या दरडीवर मातीचा फुफाटा उठला. गोळी त्याच्यातून निघून तिथे गेली होती. जनावर दोन उड्यांत खालच्या जाळीत दिसेनासं झालं.

"लागली!" हैबतराव उभे राहिले. "आरपार गेली! म्येला म्हना आता!"

नेम चुकला नव्हता. रक्तही होतं, पण थेंब थेंब. वरून हाकेकरी ओरडत उतरत होते आणि सगळ्यांच्या पुढे चिंधू होता, कारण वासरं त्याची होती. जाळीच्या तोंडाशी येऊन त्याने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली.

भाऊसाहेबांना सगळं कळत होतं. जखमी बिबळ्याच्या मागे लगेच जाऊ नये, वाट बघावी, हेही पाठ होतं. ते म्हणाले, "जरा थांबलं तर..."

एवढं हळू, की हातभरावरच्या हैबतरावांनीही विचारलं, "क्काय?"

"नाही, म्हटलं, थोडं थांबून..."

तोवर जाळी हलली. चिंधूची किंकाळी आली. हैबतराव धावत सुटले, रायफल जवळजवळ टेकवून त्यांनी दुसरा बार काढला आणि बिबळ्या चिंधूच्या अंगावरच मेला. त्याला बाजूला ओढलं तेव्हा चिंधूच्या उजव्या हाताकडे भाऊसाहेबांच्याने बघवेना. घोंगडीची झोळी करून त्याला पौडला नेलं, तिथून पुण्याला.

हात राहिला, पण कोपरात वाकला तो वाकलाच. बोटं मिटेनात. चिंधू वाडीवर परत आल्याचं कळूनही भाऊसाहेब बरेच दिवस गेले नाहीत. आज ताप होता, उद्या कचेरीत काम होतं. शेवटी एका रविवारी ते मोसंबी घेऊन डोंगर चढले.

चिंधू खोपटासमोर बसला होता. त्यांना बघून त्याचं तोंड खुललं. "गंगू, घोंगडं टाक! भाऊसाहेब आल्यात!"

भाऊसाहेब बसले. रस्ताभर घोकलेलं त्यांनी कसंबसं सुरू केलं. "चिंधू, त्या दिवशी मला बोलायचं होतं. ती दुसरी गोळी, ती मऊ..."

"त्येच म्हनतो मी!" चिंधूने डावा हात मांडीवर मारला. "तुमी टणक सांगितली म्हनून मी हाय. हैबतरावमालक समद्यास्नी सांगत्यात. मऊ घातली आसती तर त्या जनावरात केवढा जोर ऱ्हायला आसता! मला जित्ता सोडला आसता व्हय त्यानं?"

"न्हाई वो," त्याची बायको गंगू दारातून म्हणाली. "देवासारकं बोललं तुमचं भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. खुंटाचं वाक्य आता अगदी नीट सांगता आलं असतं, हसायलाही कुणी नव्हतं. पण ते सांगायचं म्हणजे, हा हात फुकट गेला हेही सांगायचं. जो माणूस आपण वाचलो म्हणून खूश होता, त्याला ते कोणत्या तोंडाने सांगणार? का हीसुद्धा पुन्हा सुटकेचीच वाट होती? त्यांना ठरवता आलं नाही. ते नुसते मोसंब्यांची पिशवी चाचपीत बसले.

"म्हशी सोडायच्या हायेत," चिंधू उठत म्हणाला. "भाऊसाहेब, येवढा पटका बांदा की. एका हातानं जमत न्हाई, आन् हिचे हात शेनानं भरल्यात."

भाऊसाहेब जन्मभर टोपी घालणारे. त्यांनी तो लांबलचक पटका घेतला आणि चिंधूच्या डोक्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. चिंधू मान खाली घालून, विश्वासाने, गप उभा राहिला. एक वेढा कानावर आला, दुसरा सुटला. गंगू खांद्यात तोंड लपवून हसायला लागली.

"आवळा जरा," चिंधू म्हणाला, "लई ढिला हुतोय."

भाऊसाहेबांनी सगळा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला.