दुसऱ्यांच्या श्वासांची पिशवी

मी एक जुनी, काळी, रबरी पिशवी आहे, मित्रांनो. भाजी आणायची नव्हे हं! शस्त्रक्रियेच्या खोलीत भूल दिलेल्या माणसाचा श्वास माझ्यातून जातो. त्याने श्वास सोडला की मी फुगते, घेतला की आक्रसते. तो श्वास घ्यायचं विसरला, तर डॉक्टर मला हाताने दाबून तो देतात. फुगणं हा माझा धर्मच. पण रुसून मी एकदाही फुगले नाही.

नवी होते तेव्हा माझा काय तोरा होता! भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई म्हणायच्या, "यंत्रं नंतर, आधी ही. श्वास हातालाच कळतो." आता मला चिरा पडल्या आहेत आणि मी कपाटात खिळ्याला लटकते. कोणी हात लावत नाही, तरी कधीकधी मी जराशी हलते. मग ती मुलगी आठवते आणि माझा जीव घाबरा होतो.

कॉलेजात जाणारी, हसती-खेळती पोर. एक दिवस तिने आईलाच विचारलं, "तू कोण?" मग तोंड सारखं चघळल्यासारखं हलू लागलं, हात हवेत काहीबाही विणत राहिले. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. मामा म्हणाला, "हिच्यात दुसरंच कोणीतरी शिरलंय." आईने त्याला झापलं खरं, पण मनातून तीही धास्तावली होती.

"कोणी शिरलेलं नाही," डॉक्टरबाईंनी आईला समजावलं. "अंडाशयात लिंबाएवढी गाठ आहे, तिच्यात मेंदूसारख्याच पेशी आहेत. शरीराचे शिपाई त्या गाठीवर धावून गेले आणि चुकून मेंदूवरही तुटून पडले. गाठ काढायलाच हवी. पण अशा मेंदूला भूल देणं म्हणजे तारेवरची कसरत."

आमचा नेहमीचा गुंगीचा वायू मेंदूतल्या नेमक्या त्याच जागा बंद करतो, ज्यांवर या आजाराने घाला घातलेला असतो. म्हणून बाईंनी त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. सिस्टर हसल्या, तर बाई म्हणाल्या, "हसू नका. सवयीने हात जातोच. मी माझ्या हाताला चांगली ओळखून आहे."

भूल चढली आणि ते विणणारे हात थांबले. मध्येच नाडी उधळायची, मध्येच रक्तदाब कोसळायचा. बाईंनी तिला कसंबसं सांभाळलं. गाठ निघाली. भुलीची औषधं बंद झाली. पण श्वास येईना! बाई मला दाबत, थांबत, वाट पाहत. मी भरलेली, पण निश्चल. मित्रांनो, त्या शांततेची मला आजही भीती वाटते.

शेवटी बाईंनी आईला आत बोलावलं. लेकीचा स्थिर चेहरा पाहून आईला रडू फुटलं. "ही माझी! किती दिवसांनी दिसली हो माझी पोर." मग तिने बाईंचा हात घट्ट धरला. "डॉक्टर, उठवू नका हिला. उठली की ती दुसरी परत येईल. अशीच झोपू द्या."

बाईंनी दुसऱ्या हाताने मला दाबलं. "आई, ही शांतता माझ्या औषधाची आहे, तिची नाही. ती उठेल तेव्हा आधी तशीच असेल. बरं व्हायला महिने लागतील. हाक मारा तिला."

आई लेकीच्या कानाशी वाकली. मग कशीबशी ती म्हणाली, "बाळा..."

पुन्हा एकदा. पुन्हा.

आणि कोणी न दाबता मी आक्रसले! एवढासाच, पण तिचा श्वास होता. पाठोपाठ बोटं हलली आणि हवेत विणू लागली. आई दचकून मागे सरली. मग पुढे झाली आणि त्या बोटांत तिने आपला हात दिला. "ये गं बाई. तूच आहेस. अशीच ये."

पुढे ती बरी झाली का, हे मला कोणी सांगितलं नाही. आमच्यासारख्यांना कोण विचारतं! पण मित्रांनो, तुमच्या घरातलं माणूस कधी असं अनोळखी झालं, तर दार लावून घेऊ नका. डॉक्टरांकडे न्या, आणि भीती वाटली तरी त्याला हाक मारा. श्वास काय, माझ्यासारखी पिशवीही देते. हाक मात्र घरच्यांनीच मारायची असते.