दोघींची नावं

दुसरं महायुद्ध संपलं त्या उन्हाळ्यात माझी आई, तिचं नाव येत्ये, तिच्या मावशीबरोबर बोटीने फ्रीसलंड प्रांतात गेली. वय तेरा. धाकट्या भावाला, मायरला, परत आणायचं होतं. तो दोन वर्षांचा असताना आजीने त्याला ज्यू मुलांना लपायच्या जागी पोचवणाऱ्या एका अनोळखी बाईच्या हाती दिलं होतं. आईला वेगळ्याच गावात एका माळ्यावर लपवलं. आजी-आजोबांना जर्मनांनी पोलंडमधल्या छळछावणीत नेलं. ते परतले नाहीत.

मायरला सांभाळलं होतं फ्राउक नावाच्या शेतकरणीने. दारात या दोघींना बघताच तो पळाला आणि गोठ्यातल्या गवतामागे जाऊन बसला. परकं माणूस आलं की तिथे लपायचं, हे फ्राउकने त्याच्या अंगवळणी पाडलं होतं.

आई गवतात गुडघ्यांवर बसली. "मायर, मी तुझी ताई. माझं नाव येत्ये."

"मी सीत्से," तो म्हणाला. "इथे ज्यू कुणी नाही."

हेही, ते खोटं नावसुद्धा, शिकवलेलंच. फ्राउकने त्याला पोटाशी धरलं, आता खरं सांगितलंस तरी चालेल म्हणाली. मावशी आभार मानू लागली, तेव्हा फ्राउकला ते ऐकवेना.

"आभार राहू द्या. त्याला दुधावर साय चालत नाही, तेवढं बघा."

परतीच्या बोटीत मायरमामा "आई, आई" करून रडला. ती हाक आजीसाठी नव्हती, हे माझ्या आईला कळत होतं.

पुढे ती त्याला आजीबद्दल सांगत राहिली: हसताना तोंडावर हात धरायची, शिवताना गुणगुणायची. मामा ऐकून घ्यायचा. दर उन्हाळ्यात तो फ्राउककडे जायचा. आईने कधी अडवलं नाही, पण ती स्वतः पुन्हा तिथे गेली नाही.

दोघंही म्हातारी झाल्यावर एका शाळेने मामाला त्या दिवसांबद्दल बोलायला बोलावलं. तो वैतागून आमच्याकडे आला.

"काय सांगू मी मुलांना? मला आपल्या आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. जे आहे ते तुझ्याकडून ऐकलेलं."

आईने त्याला खुर्चीत बसवलं.

"मग तेच सांग," ती म्हणाली. "आठवत नाही म्हणून सांग. आईला नेलं त्यांनीच तेही नेलं."

शाळेत मामाने तेवढंच सांगितलं; आई आणि मी मागे बसलो होतो. एका मुलीने विचारलं, मग तुमची आई कोणती? त्याने खडू घेतला आणि फळ्यावर दोन नावं लिहिली. फ्राउक. खाली रोस्ये, माझी आजी. मुलांनी ती त्याच क्रमाने उतरवून घेतली.

घरी येताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. त्या क्रमाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.