काखेतली पाटी

बिस्किटांच्या कारखान्यातल्या सगळ्या पाट्या पेंटरच्या हातच्या. थुंकू नये, धावू नये, ओल्या हाताने बटण दाबू नये. 'नका' त्याला आवडत नसे. 'नका' म्हणजे विनवणी आणि 'नको' म्हणजे घरगुती कटकट, असं त्याचं मत. 'नये'मध्ये कसा मालकाचा दरारा! तो दरारा किती होता हे वेगळं सांगायला नको. पीठ मळायच्या अवाढव्य मिक्सरच्या स्विचशेजारी 'येथे बसू नये' लिहिलं होतं, आणि त्या पाटीला पाठ टेकूनच कामगार डबे खात.

घरात तर त्याचा 'नको' कोणीच जुमानत नसे. लेकीने फिटरचं काम धरलं तेव्हा त्याने शंभरदा सांगितलं, "यंत्रांच्या पोटात शिरायचं काम नको गं." ती हसली आणि याच कारखान्यात रुजू झाली.

इथला नियम साधा. यंत्रात उतरणाऱ्याने स्विचवर 'चालू करू नये' ही पाटी अडकवायची आणि बाहेर आल्यावर ज्याची त्यानेच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

त्या दुपारी पेंटर मिक्सरजवळून जात होता. स्विचवरच्या पाटीतल्या 'ये'ची मात्रा उडालेली त्याला दिसली आणि त्याचं डोकंच फिरलं. आपल्या हातचं अक्षर आणि असं थोटं! त्याने पाटी काढली, काखेत मारली आणि आपल्या खोलीत नेली. ती तिथे कशासाठी टांगलीय, हे या शहाण्याच्या मनातही आलं नाही. तीस वर्षं तो पाट्या लिहीत आला होता, वाचत नव्हता.

मात्रा दिली, फुंकर घातली. वाळत ठेवताना पाटीची मागची बाजू दिसली. तिथे खडूने आजची तारीख होती आणि खाली लेकीचं घरातलं नाव, चिमणी.

तो पाटी घेऊन धावला, 'धावू नये'च्या खालूनच धावला. ऑपरेटर नुकताच जेवून आला होता. स्विच मोकळा पाहून त्याने हात वर नेला होता.

"नको! अरे नको, नको, नको!"

ऑपरेटर जागीच थिजला. "काय झालं, पेंटरकाका?"

मिक्सरच्या आत पाना खणकन पडला. पिठाने पांढरं झालेलं एक डोकं वर आलं. "बाबा, ओरडताय कशाला?"

पेंटरने ओली पाटी पुढे केली. तिने पाटीकडे पाहिलं, रिकाम्या स्विचकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती बाहेर आली, पाटी तिने स्वतः परत अडकवली. बोटांना लाल रंग लागला तो चिंधीने पुसला.

"अजून तासाभराचं काम आहे," ती म्हणाली.

'नको गं' त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. ती आत उतरली तसा तो स्विचखाली फरशीवर बसला आणि 'येथे बसू नये'ला पाठ टेकून, ती बाहेर येईपर्यंत, तिथून हलला नाही.